पहिला घोट बिनसाखरेचा



आपल्या मॉरिशसमध्ये चहा हा पाहुणचाराचा पहिला शब्द आहे. दारात कोणी आले की "या, बसा" म्हटल्यावर लगेच "दिते घेणार ना?" हे आलेच. घरात मराठी बोलत असोत, भोजपुरी बोलत असोत की फक्त क्रिओल, या बाबतीत आपण सारे एक आहोत. चहाही बहुतेक घरी एकाच चवीचा असतो. वॅनिलाचा वास, पावडरचे दूध आणि दोन-तीन चमचे साखर. ही चव आपल्या जिभेवर लहानपणापासून इतकी बसली आहे की चहाच्या पानाला स्वतःची काही चव असते, हेच आपण विसरून गेलो आहोत.

अलीकडे मात्र दुकानांच्या फळ्या निरनिराळ्या चहांनी भरलेल्या दिसतात. चिनी चहा, दक्षिण आफ्रिकेचा लाल चहा, वाळवलेल्या पानाफुलांच्या पुड्या. बायका मला विचारतात, "बाई, यातले चांगले कोणते? आणि खरेच गुण येतो का?" शिक्षकाने न चाखता उत्तर देऊ नये. म्हणून गेल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही घरी एक उद्योग केला. आठ दिवस, रोज एक नवा कप. चाखणारे चौघे: मी, माझे यजमान, कॉलेजात शिकणारी आमची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि चहा गोडच लागतो. त्यामुळे या उद्योगात त्यांचे मत आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानले.

चाखावे कसे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. काळा चहा, हिरवा चहा, चिनी ऊलाँग चहा हे सर्व एकाच झाडाच्या पानांचे असतात. वरची दोन कोवळी पाने आणि मधला कोंब खुडतात. पाने सुकवून, चुरडून, हवेत काळी होऊ दिली की काळा चहा होतो. खुडल्यावर लगेच उष्णता देऊन त्यांचे काळे होणे थांबवले की हिरवा चहा होतो. बाकी आपण ज्याला चहा म्हणतो, म्हणजे तुळशीचा, गवताचा, आयापानाचा, तो खरे पाहता काढा किंवा फांट. त्यात चहाचे झाड नसते, म्हणून चहाची तरतरी आणणारे द्रव्यही नसते.

चहाचे जे व्यावसायिक चाखणारे असतात त्यांची रीत ठरलेली आहे. १९८० साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे झाकण. हेतू हा की जगात कोठेही दोन चहांची तुलना एकाच मापाने व्हावी. हे लोक चमच्याने चहा तोंडात असा जोराने ओढतात की आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जावा. आपल्याकडे मुलांना त्यासाठी रागावतात! पण चहा हवेबरोबर तोंडात गेला की त्याचा वास नाकापर्यंत पोचतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो.

आम्ही घरात तीन साधे नियम केले. पहिला, कपाला एक चमचा सुटा चहा आणि पाणी सर्वांना सारखे. दुसरा, आधी वास घ्यायचा, मग प्यायचे. तिसरा, पहिला घोट बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा. पुढे ज्याला जे हवे ते त्याने घालावे. तिसरा नियम ऐकून सासूबाईंचा चेहरा पडला, पण त्या कबूल झाल्या.

आठ कप

पहिला कप आपल्याच मातीचा, ब्वा शेरीचा साधा काळा चहा, वॅनिला न घातलेला. सावानच्या डोंगराळ भागातला हा मळा १८९२ पासूनचा आहे. याची पत्ती बारीक दाण्यांची असते, त्यामुळे रंग झटकन उतरतो. चार मिनिटांत तांबूस-काळा झाला. पहिल्या घोटाला जीभ थोडी आवळली, मागाहून किंचित गोडसर चव राहिली. माझ्या यजमानांचे लहानपण चहाच्या मळ्याजवळ गेले. त्यांना कप तोंडाला लावताच ओल्या पानांच्या टोपल्या आठवल्या. ते म्हणाले, "पहाटे बाया कमरेला प्लॅस्टिक गुंडाळून निघायच्या. पाऊस असो, थंडी असो." १९८० च्या दशकानंतर बाजारभाव पडले, मजुरी वाढली, आणि पुष्कळ मळ्यांच्या जागी ऊस आला. जे थोडे मळे शिल्लक आहेत त्यांचे पान आपण निदान एकदा तरी त्याच्या स्वतःच्या चवीने प्यावे, असे आम्हा सर्वांना वाटले. दूध घातल्यावरही हा चहा चांगला लागतो. साखर एक चमचा पुरली.

दुसरा कप ओळखीचा, वॅनिलाचा. गंमत अशी की बिनसाखरेचा हा चहा कोणालाच आवडला नाही. वास गोड आणि चव कडवट, त्यामुळे जिभेला फसवल्यासारखे वाटते. मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण साखर चहासाठी घालत नाही, वॅनिलासाठी घालतो!" बोलणे विचार करण्याजोगे होते. वॅनिला हे ऑर्किडच्या जातीच्या वेलीची शेंग. शेजारच्या रेयुन्यों बेटावर १८४१ साली एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने तिची फुले हाताने फळवण्याची सोपी युक्ती शोधली. जगभर आजही तीच वापरतात. चहा घेताना पाकिटावर वाचून पहावे की वास खऱ्या शेंगेचा आहे की सुगंधी द्रव्याचा.

तिसरा कप पोर्ट लुईच्या चिनी वस्तीतून आणलेला, चिनी लोकांचा जास्मिनचा हिरवा चहा. पाकीट उघडताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर मोगरा!" आणि ते अगदी बरोबर होते. या चहासाठी बहुधा मोगऱ्याच्याच जातीचे फूल वापरतात. वसंतात खुडलेला चहा उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवतात. मग संध्याकाळी उमलू लागलेल्या कळ्या त्यात मिसळतात. रात्रभर पान फुलाचा वास पिऊन घेते, सकाळी फुले काढून टाकतात. उत्तम चहासाठी असे अनेक रात्री करतात. याला उकळते पाणी चालत नाही, कडू होतो. पाणी उकळून पाच-सात मिनिटे थांबावे आणि दोन मिनिटांत गाळावे. हा कप सासूबाईंनी साखर न मागता संपवला.

चौथा, दक्षिण आफ्रिकेचा लाल चहा, रॉयबोस. केपच्या उत्तरेला सीडरबर्ग नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, तिथेच हे झुडूप पिकते. पाने काटकीसारखी बारीक असतात. चुरडून ढिगात ठेवली की तांबडी होतात. २०२१ साली युरोपीय संघाने हे नाव त्याच प्रदेशासाठी राखून ठेवले. रंग सुरेख, चव मऊ आणि अजिबात तुरट नाही. यजमानांच्या मते मात्र "सुताराच्या दुकानाचा वास." मुलीला आवडला. झोप उडत नाही, म्हणून परीक्षेच्या दिवसांत रात्रीसाठी तो तिने निवडला. दूध घातले तरी हा चहा मवाळच राहतो.

पाचवा कप परसातला. क्रिओलमध्ये सित्रोनेल, आपल्या मराठीत गवती चहा. मी वर्गात हे पान नेऊन नाव विचारले. सित्रोनेल सर्वांनी सांगितले. गवती चहा हा शब्द दोघांनाच ठाऊक होता, आणि त्या दोघांच्याही घरी आजी आहे! ज्या कोकणातून आपले पूर्वज १८३४ नंतरच्या काळात या बेटावर आले, तिथे आजही पावसाळ्यात चहात ही पात आणि आल्याचा तुकडा टाकतात. पानाची कड धारदार असते, हाताने ओढू नये. कात्रीने कापावे, गाठ मारावी आणि पाच मिनिटे उकळावे. लिंबासारखा वास, पण आंबटपणा मुळीच नाही. चौघांनीही साखर घातली नाही. आठ कपांत फक्त याच कपावर आमचे सर्वांचे एकमत झाले, आणि यालाच एक पैसाही खर्च आला नव्हता.

सहावा आयापान. पोट बिघडले की आपल्या बेटावरच्या कोणत्याही आजीने दिलेला पहिला काढा हाच. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी, सर्वांच्या घरी. याचे मूळ दक्षिण अमेरिकेत, पण भारतातही ते याच नावाने ओळखतात. पान अरुंद आणि गडद हिरवे, देठ तांबूस. तीन-चार पाने कपात टाकून उकळते पाणी ओतावे आणि झाकावे. वास ताज्या कापलेल्या गवतासारखा, थोडा औषधी. चव कडसर. मुलीने तोंड वाकडे केले. सासूबाई म्हणाल्या, "हा आवडीने पिण्याचा नाही, गरजेने पिण्याचा." याहून चांगले परीक्षण मला लिहिता येणार नाही.

सातवा तुळशीचा. पाने संध्याकाळी हवी होती, पण सूर्यास्तानंतर तुळस तोडायची नाही असा आमच्या घरचा नियम, म्हणून सकाळीच तोडून ठेवली. आठ-दहा पाने, पाच मिनिटे झाकण. लवंगेसारखा वास, घशाला ऊब. आल्याचा तुकडा घातला तर चव खुलते. बाजारात तुळशीच्या चहाची पाकिटे महाग मिळतात. आम्ही तेही करून पाहिले. वास निम्मा होता. अंगणात वृंदावन असताना पाकीट कशाला, असे यजमान म्हणाले, आणि या वेळी कोणी त्यांच्याशी वाद घातला नाही.

आठवा फहाम, रेयुन्योंला राहणाऱ्या नणंदेने पाठवलेला. हेही ऑर्किडच. त्याची ताजी पाने जवळजवळ वास देत नाहीत, वाळली की वॅनिला आणि बदामाची आठवण करून देणारा सुगंध सुटतो. एकोणिसाव्या शतकात ती पॅरिसमध्ये बूर्बों बेटाचा चहा म्हणून विकली जात. तिच्या पानांनी आम्हाला थक्क केले. वॅनिलाचा गोड वास, तरी साखरेची गरज नाही. पण एक सांगणे जरूर आहे. जंगलात ही झाडे लोकांनी ओरबाडून फार कमी केली आहेत. डोंगरात दिसले तरी तोडू नये. लागवड केलेलेच घ्यावे, नाहीतर न प्यालेले बरे.

गुण आणि धोका

आता दुसरा प्रश्न, "खरेच गुण येतो का?" आपल्या बेटावरच्या औषधी वनस्पतींचा नीट अभ्यास झालेला आहे. २०१५ ते २०१८ या काळात आपल्या राष्ट्राध्यक्षा असलेल्या शास्त्रज्ञ डॉ. अमीना गुरिब-फकीम यांनी सहकाऱ्यांसह १९९५ ते १९९७ च्या दरम्यान मॉरिशसच्या औषधी वनस्पतींवर तीन खंड फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले. आज्यांचे ज्ञान म्हणजे निव्वळ भोळेपणा नव्हे, हे अशा कामामुळे कळते. पण ज्या पानात गुण असतो त्या पानात अपायही असू शकतो, हेही तितकेच खरे.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्यांनी आयापान किंवा फहाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत कोणताही काढा विचारूनच घ्यावा. ज्या पानाची खात्रीने ओळख नाही ते नुसत्या नावावरून कपात घालू नये, कारण एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असते. उसाच्या शेताच्या कडेचे पान तोडू नये, तिथे तणनाशक फवारलेले असते. ज्यांच्या अंगात लोह कमी आहे त्यांनी काळा वा हिरवा चहा जेवणाबरोबर न घेता तास-दीड तासाने घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मधुमेहाची गोळी बंद करून तिच्या जागी कोणताही चहा घेऊ नये. "एका पानाने साखर उतरते" असे सांगणारे आपल्या गावोगावी भेटतात. त्यांच्या बोलण्यावर गोळ्या सोडलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्याच नात्यात पाहिले आहे.

साखरेचा हिशेब

आता थोडे गणित. सपाट चमचाभर साखर म्हणजे सुमारे चार ग्रॅम. एका कपाला तीन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे ४८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसभरात साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ च्या आत असेल तर अधिक चांगले. म्हणजे मिठाई, शरबत, बिस्किटे यांना हात लावण्याआधीच आपली मर्यादा नुसत्या चहाने भरली. आपल्या देशात १९८७ पासून या रोगांची राष्ट्रीय पाहणी होत आली आहे. आज पाचांपैकी सुमारे एका प्रौढाला मधुमेह आहे. ज्या उसाच्या शेतात राबण्यासाठी आपल्या वाडवडिलांना बोटीने इथे आणले, त्याच उसाची साखर आज आपल्या नातवंडांचे डोळे आणि पाय घेते आहे, हा विचार मनाला बोचतो.

पाहुण्याला फिका चहा द्यावा आणि त्याने तो निमूटपणे प्यावा, असे मी म्हणत नाही. आमच्या घरी आठ दिवसांनंतर घडले ते एवढेच. सासूबाईंनी सकाळचा वॅनिलाचा चहा सोडला नाही, पण तीन चमच्यांचा एक चमचा केला. दुपारी मोगऱ्याचा आणि संध्याकाळी गवती चहा, दोन्ही बिनसाखरेचे. कोणी त्यांना उपदेश केला नाही. जिभेला दुसरे काही चांगले मिळाले, म्हणून तिनेच ते मान्य केले. साखर कमी करा असे नुसते सांगून माणूस ऐकत नाही. त्याच्यापुढे असा कप ठेवावा की ज्याला साखर लागतच नाही.

तेव्हा वाचकहो, आपणही आपल्या घरी एक आठवडा हा प्रयोग करून पहा. महागडी पाकिटे आणण्याची गरज नाही. एक साधा काळा चहा, एक हिरवा आणि बाकीचे परसातून. पहिला घोट सर्वांनी बिनसाखरेचा घ्यावा आणि काय वाटले ते एका वहीत लिहावे. मुलांना लिहायला सांगा, मराठीचा सरावही होईल. घरात किंवा शेजारी जी सर्वांत वडील स्त्री असेल तिला बोलवा, एकेक पान तिच्या हाती द्या आणि विचारा: याला आपल्यात काय म्हणतात, कधी देत असत, किती देत असत, कोणाला देत नसत? शेवटचा प्रश्न विसरू नका. मराठी नाव, क्रिओल नाव आणि तिचे उत्तर शेजारी शेजारी लिहून ठेवा. हे काम या महिन्यातच करा. पान परसात पुढच्या वर्षीही उगवेल, पण त्याचे नाव सांगणारी आजी तेव्हा असेलच, असे कोण सांगू शकतो?